गुराबेच्या लाकडी प्रतिकृतींत तोफांची मांडणी

मराठी आरमारांतील गुराब व गलबत यांच्या लाकडी प्रतिकृति करून शाळांत व घरोघरीं ठेवण्याची आवड अलीकडे वाढली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु माझ्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक प्रतिकृतींत कारागिरानें युरोपीय युद्धनौकेचें चित्र पुढें ठेवून दोन्ही बाजूंस तोफांच्या सारख्या रांगा लाविलेल्या असतात आणि नाळेकडील, म्हणजे पुढील टोंकाकडील, भाग नुसता शोभेचा ठेविलेला असतो. गुराबेचें खरें बळ जेथें होतें तेंच स्थान अशा रीतीनें रितें राहतें. तें कोठें होतें व त्याप्रमाणें लहान तोफा कशा बसवाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. समुद्रापासून शंभराहून अधिक कोस दूर असलेल्या वरवट बकालच्या रहिवाशानें हा विषय हातीं घ्यावा, याचें कोणास हंसूं आल्यास त्यास माझी हरकत नाहीं.

प्रथम आपल्याकडील साधनें पाहूं. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या आरमारांतील जहाजांचीं नांवें येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराचें स्वतंत्र प्रकरण असून पांच गुराबा व पंधरा गलबतें यांचा एक सुभा करावा व गुराबा फार थोर किंवा फार लहान न करतां मध्यम रीतीच्या कराव्या, असा आशय आहे. जहाजावरील सामानांत तेथें ‘भांडीं’ व ‘जंबुरे’ हे शब्द येतात. भांडें म्हणजे तोफ, हें जुन्या कागदांच्या वाचकांस सांगणें नको. तथापि गलबताच्या सामानाच्या यादींतील भांडीं स्वयंपाकाचीं समजून ती यादी बाजूस ठेवणारे गृहस्थ मला भेटले आहेत, म्हणून हा उल्लेख केला. परंतु तोफ जहाजाच्या कोणत्या अंगास असावी, हें आज्ञापत्र सांगत नाहीं.

संस्कृताच्या अभ्यासकास येथें एक मोह होतो. भोजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत नौकांचे सर्वमंदिरा, मध्यमंदिरा व अग्रमंदिरा असे भेद सांगून, जिच्या अग्रभागीं मंदिर आहे ती अग्रमंदिरा युद्धास योग्य म्हटली आहे. तीच पुढें गुराब झाली, असें अनुमान करण्याचा मोह मलाही झाला. पण त्या ग्रंथांत तोफ नाहीं, आणि गुराब हा शब्दच अरबी, मूळ अर्थ कावळा. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर कोरलेल्या लढाऊ नौकांतही वल्हीं दिसतात, तोफ दिसत नाहीं. त्या काळीं ती असणें शक्यच नव्हतें. तेव्हां हा धागा ताणूं नये, हें बरें.

निश्चित वर्णन मिळतें तें प्रतिपक्षाकडून. रॉबर्ट ऑर्म या कंपनीच्या इतिहासकारानें इ. स. १७६३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत आंग्र्यांच्या जहाजांची रचना दिली आहे. गुराबेस बहुधा दोन, क्वचित् तीन डोलकाठ्या. तीन काठ्यांची सुमारे तीनशें टनांची, दोन काठ्यांची सुमारे दीडशें टनांची. लांबीच्या मानानें रुंदी पुष्कळ व पाण्यांत बुडणारा भाग थोडा. मध्यापासून पुढें ती निमुळती होत जाऊन लांब नाळ बाहेर येते. या नाळेची पाटणी मुख्य पाटणीच्या सपाटीतच असते, पण दोहोंच्या मध्यें फळ्यांची आडवी भिंत असते. त्या भिंतींतील भोंकांतून नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा समोर तोंड करून नाळेवरून मारा करितात. बाजूंच्या तोफा सहा ते नऊ पौंडी, म्हणजे हलक्या. नाळेस कठडा नसतो. समोरील लाटेंत गुराब फार डुलते, तेव्हां वर आलेलें पाणी अडथळ्याशिवाय वाहून जावें म्हणून. पुष्कळ कारागीर हौसेनें याच नाळेस नक्षीचा कठडा लावितात!

ही रचना युद्धपद्धतीस अनुरूप होती. शत्रूचें जहाज गांठतांना गुराबा त्याच्या पिछाडीस जमत आणि समोरच्या तोफांनीं त्याच्या डोलकाठ्या व शिडें निकामी करीत. वारा पडल्यास गलबतें वल्ह्यांनीं गुराबांना ओढून नेत. उंच युरोपीय जहाजाच्या बाजूच्या तोफांपुढें उभें राहणें टाळून त्याच्या दुबळ्या अंगावर मारा करावा, असा हा हिशेब होता. बाजूस रांगा व पुढें शून्य अशी प्रतिकृति पाहणाऱ्यास हा हिशेब कळणार कसा?

आतां करणीकडे वळूं. येथील बैलगाड्या करणाऱ्या एका सुताराकडून मीं अशी एक गुराब करविली. तोफेचा गाडा हातांत घेऊन त्यानें पहिलाच प्रश्न केला, “गुर्जी, तोफ सुटल्यावर मांगं कुठपर्यंत जाईन?” कित्येक पुस्तकी लोकांस न सुचलेला हा प्रश्न आहे. बारा पौंडी तोफेचें वजन टनाहून अधिक. साडेपांच किलोंचा गोळा सुटतांच ती मागें धांवते. तिला आवरणारा जाड दोर तोफेच्या मागील गांठीस मध्यावर बांधून, गाड्याच्या कड्यांतून काढून, दोन्ही टोंकें जहाजाच्या लाकडांतील कड्यांस पक्कीं करीत. तोफेचें तोंड भरण्यापुरतें आंत यावें, एवढा तो दोर सैल असावा, असें फाल्कनर १७६९ च्या नौकोशांत सांगतो. हा नियम इंग्रजी जहाजांचा खरा. परंतु आपल्याकडील तोफा पुष्कळशा युरोपीयांकडूनच विकत घेतलेल्या किंवा पाडाव केलेल्या असल्यामुळें तो येथें ग्राह्य धरण्यास मला अडचण वाटत नाहीं. मात्र इंग्रजी जहाजांत हा दोर बाजूच्या भिंतीस बांधीत. गुराबेच्या पुढील तोफांसाठीं तो आडव्या भिंतीस बांधावा लागेल. डोलकाठ्या मध्यरेषेवर असल्यामुळें दोन्ही तोफा त्या रेषेच्या दोहों बाजूंस ठेवाव्या, नाहीं तर मागें येणारी तोफ काठीच्या बुंध्यावर आदळेल.

फुटास पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळिसांत एक, असें प्रमाण घेतल्यास आठ फुटी तोफ दोन इंचांची होते. तिच्या तोंडाचें भोंक इंचाच्या दशांशाहूनही किंचित् लहान. बाजूची सात फुटी तोफ पावणेदोन इंचांची. आवरणारा दोर तोफेच्या तिप्पट लांब घेण्याची चाल होती. तो प्रतिकृतींत सहा इंच भरतो व त्याची जाडी मिलिमीटरहून कमी येते. यासाठीं सुती दोरा मेणावर ओढून घ्यावा, म्हणजे तंतू बसतात. तो ताठ ओढूं नये; तोफ बाहेर काढलेली असतां दोर झोळ पडूनच राहतो.

लहान गलबतावर गाड्यावरील तोफ मुळींच ठेवूं नये. त्याची पाटणी हलकेपणासाठीं चिरलेल्या बांबूंची. तिला तो भार सोसणार नाहीं. तेथें कांठावरील खिळ्यावर फिरणारे जंबुरे बसवावे. जंबुऱ्यास मागें धांवणारा गाडा नसल्यानें हा दोरही नको. सत्तर टनांपर्यंतच्या मोठ्या गलबतांस पक्की पाटणी असे. त्यांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा चालतात.

फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें. ज्यावरून मोजमाप घ्यावें असें एकही जहाज त्यांतून उरलें नाहीं. आणि ती आग लावणाऱ्या इंग्रजांस पेशव्यांचें साह्य होतें, हें लिहितांना लेखणी जड होते. आतां भरवसा आहे तो कागदांवर. ज्यांच्या संग्रहीं गुराबांच्या सामानाच्या याद्या, तांडेल व गोलंदाज यांच्या नेमणुकांचे जाबते किंवा दोरखंडाच्या खरेदीचे हिशेब असतील, त्यांनीं भांडीं, जंबुरे व त्यांचे दोर यांच्या नोंदी उतरून याच त्रैमासिकाकडे पाठवाव्या, अशी विनंति आहे. एका गुराबेवरील भांड्यांची संख्या व त्यांच्या गोळ्यांचें वजन एकत्र सांगणारी एक ओळ मिळाली, तरी ऑर्मचें वर्णन ताडून पाहतां येईल.