मुंगळा आणि स्टेपल: आतड्याच्या टाक्याची कुळकथा

आतड्याला भोक पडले तर खरा धोका भोकापेक्षा आतल्या मळाचा असतो. तो उदरपोकळीत उतरला की पोटातल्या आवरणाला सूज येते आणि रोगी दगावतो. म्हणून आतड्याच्या टाक्याला दोन अटी पाळाव्या लागतात: कडा घट्ट मिटाव्यात, पण त्या कडांचा रक्तपुरवठा तुटू नये. या अटी सांभाळणारे सर्वांत जुने साधन संस्कृत वैद्यकग्रंथांत सापडते. ते सुई नाही, दोराही नाही. ते आहे जिवंत मुंगीचे डोके.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात हे साधन दोनदा येते. चौदाव्या अध्यायात उदररोगांचे उपचार आहेत. बद्धगुदोदर, म्हणजे आतड्याची वाट बंद होणे, आणि परिस्रावी उदर, म्हणजे आतड्याला छिद्र पडून ते झिरपणे, या दोन अवस्थांत पोट उघडण्यास सांगितले आहे. छेद नाभीखाली, डाव्या अंगाला, रोमराजीपासून, म्हणजे पोटावरच्या मधल्या केसांच्या रेषेपासून, चार अंगुळे सोडून घ्यायचा. चार अंगुळे आतडे बाहेर काढून तपासायचे. वाट अडली असेल तर अडथळा काढायचा. छिद्र असेल तर आत घुसलेले शल्य काढून छिद्राच्या कडा जुळवायच्या, त्यांवर काळ्या मुंग्यांचा दंश घडवायचा आणि मुंग्यांनी पकड घेतली की धडे कापून डोकी तशीच ठेवायची. मग आतडे आत सारून पोटाची जखम शिवायची.

दुसरा उल्लेख दुसऱ्या अध्यायात, ताज्या जखमांच्या प्रकरणात आहे. तो छोटा असला तरी पुढच्या सगळ्या वादाचे मूळ त्यातच आहे. बाहेर आलेले आतडे न फाटलेले असेल तरच आत घालावे, असा नियम तिथे दिला आहे. त्याला लागूनच येते की, फाटलेले आतडे मुंग्यांच्या डोक्यांनी धरलेले असेल तर तेही आत घालता येते, असे काही जण म्हणतात. पुढे आतडे दुधाने धुऊन, तूप लावून, नखे कापलेल्या हातांनी हळूहळू आत सरकवण्याची सूचना आहे. चौदाव्या अध्यायात हीच युक्ती निःशंकपणे सांगितली आहे, इथे ती ‘काही जणांची’ आहे. संहिता अनेक हातांतून गेली हे सर्वमान्य आहे. त्यामुळे मुंग्यांची युक्ती मूळची शल्यवैद्यांच्या एखाद्या गटाची असावी आणि नंतर ती मुख्य धारेत आली असावी, हा तर्क बळकट ठरतो.

चरकसंहिता मुख्यतः औषधोपचारांची, पण तिच्याही चिकित्सास्थानाच्या तेराव्या अध्यायात मुंग्या आहेत. चरक हे काम शल्यवैद्यांवर सोपवतो. मात्र एका विशेषणाचा फरक आहे. सुश्रुताची मुंगी काळी आहे, तर चरकाची मोठी. मराठी मुलखात दोन्ही वर्णने मुंगळ्याला लागू पडतात. मान तुटली तरी गुळाच्या ढेपेवरची पकड न सोडणारा मुंगळा मराठी घरांत सर्वांच्या ओळखीचा आहे.

यानंतर ही मुंगी थेट स्पेनमध्ये दिसते. कॉर्डोबाचा शल्यवैद्य अल्-झहरावी याने इसवी सन 1000 च्या सुमारास ‘किताब अल्-तसरीफ’ हा तीस प्रकरणांचा ग्रंथ पुरा केला. शेवटचे प्रकरण शस्त्रक्रियेचे आहे. आतड्याची जखम लहान असेल तर मोठ्या डोक्याच्या मुंग्या घ्याव्यात, जखमेच्या कडा मिटवून त्यांवर एकेक मुंगी लावावी, ती चावली की धड कापावे, असे तो सांगतो. आणि ही युक्ती तो स्वतःच्या नावावर न मांडता काही अनुभवी लोकांच्या तोंडी घालतो. म्हणजे सुश्रुताच्या दुसऱ्या अध्यायातले ‘काही जण’ कॉर्डोबातही हजर आहेत.

हा योगायोग की उसनवारी? उसनवारीच्या बाजूने भक्कम पुरावा आहे तो बगदादचा. इब्न अल्-नदीमच्या दहाव्या शतकातल्या ग्रंथसूचीनुसार, बरमकी वजीर याह्या इब्न खालिद याच्या सांगण्यावरून मंका नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहितेचे भाषांतर केले. बरमकींची सत्ता 803 मध्ये संपली, म्हणजे हे काम त्याआधीचे. चरकसंहिताही फारसीमार्गे अरबीत गेली होती. वैद्य अल्-राझी आपल्या प्रचंड संग्रहात सुश्रुत आणि चरक या दोघांचीही वचने देतो. बगदादहून ग्रंथ कॉर्डोबाला पोचायला दोनशे वर्षे भरपूर झाली.

विरोधी मत असे की मुंगीची पकड कोणालाही सुचू शकते. त्यालाही आधार आहे. दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत मोठ्या जबड्यांच्या मुंग्यांनी जखमा मिटवल्याच्या नोंदी आहेत, आणि तिथे संस्कृत ग्रंथ पोचले होते असे कोणी म्हणणार नाही. 1896 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात आशिया मायनरमधल्या न्हाव्यांची अशीच पद्धत छापून आली. पण या बहुतेक नोंदी कातडीवरच्या जखमांच्या आहेत. कातडीवरची जखम आणि उघड्या पोटातले आतडे यांत फार अंतर आहे. आतड्यावर मुंगी लावून धड कापायचे आणि डोके पोटात सोडून द्यायचे, हा पूर्ण क्रम संस्कृत ग्रंथांत आणि अल्-झहरावीत सारखाच आहे. त्यातही अल्-झहरावी रंगाबद्दल बोलत नाही, आकारावर भर देतो. त्यामुळे उसनवारी झाली असेल तर ती सुश्रुतापेक्षा चरकाच्या वाटेने झाली, असे मानणे जास्त सयुक्तिक ठरते. चरक वाचलेल्या अरबी वैद्यांकडून ही गोष्ट तोंडोतोंडी पश्चिमेला गेली असावी, आणि म्हणूनच अल्-झहरावीला ती एखाद्या ग्रंथाऐवजी ‘अनुभवी लोकां’ची वाटली असावी.

युक्ती चालत का असेल, याचे उत्तर मुंगीच्या शरीरात आहे. मुंगीच्या डोक्याचा बराचसा भाग जबडा मिटवणाऱ्या स्नायूने व्यापलेला असतो. मुंगळ्याच्या वर्गातल्या मुंग्या पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्ल फवारतात. धड कापले की ती फवारणीही थांबते, हा वैद्यांच्या लक्षात आलेला किंवा आपोआप पदरात पडलेला फायदा. पोटात राहिलेल्या डोक्याचे पुढे काय होते, याबद्दल संस्कृत ग्रंथ गप्प आहेत. ते कायटिनचे असते, तेव्हा जखम भरेपर्यंत ते टिकून राहत असावे.

पुढचा पाश्चात्त्य इतिहास परिचित आहे. 1826 मध्ये पॅरिसच्या लांबेर याने कडा आत वळवून आतड्याचे बाहेरचे आवरण बाहेरच्या आवरणाला भिडवणारा टाका सांगितला. 1887 मध्ये अमेरिकी शल्यविशारद हालस्टेडने दाखवले की टाक्याला खरा आधार श्लेष्मल आवरणाखालच्या थरातून मिळतो. 1892 मध्ये शिकागोच्या मर्फीने बिनटाक्यांचा जोड करणारे धातूचे बटण आणले.

मुंगीचे तत्त्व धातूत परतले ते बुडापेस्टमध्ये. 1908 मध्ये ह्युमेर ह्युल्ट्ल याने यंत्रकार फिशरकडून जठर शिवणारे यंत्र बनवून घेतले. त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास होते आणि जुळवणीला दोन तास लागत. पोलादी तारेच्या दुहेरी रांगा ऊतीत शिरून इंग्रजी बी अक्षरासारख्या वळत. या आकारामुळे कडा मिटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांना मात्र मधल्या पोकळीतून वाट मिळते, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही अटी पूर्ण होतात. पेट्झ या दुसऱ्या हंगेरियन शल्यविशारदाने 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला यंत्र हलके केले. 1951 मध्ये मॉस्कोत या उपकरणांसाठी संशोधन संस्था निघाली. 1958 मध्ये अमेरिकेचा मार्क रॅविच कीव्हला गेला असताना त्याने श्वासनलिकेची शाखा स्टेपलने बंद होताना पाहिली, लेनिनग्राडच्या दुकानातून तसे यंत्र विकत घेतले, आणि तिथून अमेरिकी स्टेपलर घडला.

मुंगी आणि स्टेपल यांच्यातले सर्वांत नवलाचे साम्य कडांच्या दिशेत आहे. लांबेरनंतर शतकभर ‘कडा आतच वळल्या पाहिजेत’ हा शल्यशास्त्राचा जवळपास धर्म झाला होता. मुंगीचा जबडा बाहेरून दोन्ही कडा चिमटीत धरतो, म्हणजे कडा बाहेर येतात. स्टेपलरच्या अनेक रांगांतही तसेच होते. बाहेर वळलेला जोडही नीट भरून येतो, हे दाखवण्यासाठी रॅविचला प्राण्यांवर प्रयोग करावे लागले. ह्युल्ट्लने चरक वाचला होता असे कोणी म्हणत नाही. चरकापासून कॉर्डोबापर्यंतची वाट ग्रंथांतून बरीचशी दाखवता येते. कॉर्डोबा ते बुडापेस्ट ही मात्र वंशावळ नाही. आतड्याच्या दोन अटी बदलल्या नाहीत, म्हणून उत्तर दोनदा सारखे निघाले, एकदा मुंगीच्या जबड्यात आणि एकदा पोलादी तारेत.