काष्ठोत्कीर्णन, रंगीत : ग्रामीण प्रासादांची चित्रे

लाकडाच्या कठीण ठोकळ्यावर कोरणीने चित्र कोरून आणि प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठोकळा योजून कागदावर बहुरंगी छाप उमटविण्याच्या मुद्रणप्रकारास रंगीत काष्ठोत्कीर्णन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये हा प्रकार परिपूर्णतेस पोहोचला. निसर्गेतिहासाचे ग्रंथ, मुलांची पुस्तके आणि उमराव-जमीनदारांच्या ग्रामीण प्रासादांचे चित्रसंग्रह ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. त्यांपैकी प्रासादचित्रे कलेच्या इतिहासाबरोबरच सामाजिक इतिहासाचीही साधने आहेत. घराचे चित्र कोणी काढविले, त्यात काय दाखविले आणि काय वगळले, यांचा विचार त्यांच्या अभ्यासात अटळ ठरतो. महाराष्ट्रातील वाड्यांच्या संदर्भातही हा विचार उद्‌बोधक आहे.

तंत्र : काष्ठठसा व काष्ठोत्कीर्णन यांत महत्त्वाचा भेद आहे. काष्ठठशासाठी फळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने कापतात आणि सुरीने चित्ररेषांभोवतीचा भाग काढून टाकतात. उत्कीर्णनासाठी मात्र खोडाचा आडवा छेद घेतात. त्याचा पृष्ठभाग तंतूंच्या टोकांचा बनलेला असल्यामुळे धातूच्या पत्र्यावर चालावी तशी कोरणी त्यावर कोणत्याही दिशेने चालते व केसासारखी बारीक रेषा कोरता येते. यासाठी बॉक्सवुड हे घट्ट, मंद वाढीचे लाकूड वापरीत. त्याचे खोड बारीक असल्याने मोठ्या चित्रासाठी अनेक लहान ठोकळे एकत्र जोडावे लागत. कोरलेला भाग छापात पांढरा राहतो आणि उंच राहिलेल्या भागास शाई लागते. म्हणून उत्कीर्णक हा काळ्यातून प्रकाश काढणारा कारागीर होय. न्यूकॅसलचा टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने या श्वेतरेषेचे सामर्थ्य ओळखले. चतुष्पाद प्राण्यांवरील (१७९०) आणि ब्रिटनमधील पक्ष्यांवरील (१७९७, १८०४) त्याच्या ग्रंथांमुळे हे तंत्र प्रतिष्ठा पावले.

या ठोकळ्याची उंची मुद्राक्षरांच्या खिळ्यांइतकी ठेवता येत असल्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच दाबात छापणे शक्य झाले. ताम्रपटावरील उत्कीर्णनात शाई कोरलेल्या खोलगट रेषांत राहते, त्यामुळे अशा चित्रांना निराळे यंत्र व निराळा कागद लागत असे. सचित्र वृत्तपत्राचा उदय काष्ठोत्कीर्णनामुळेच झाला. हर्बर्ट इंग्रॅम याने १८४२ मध्ये लंडनला सुरू केलेले इलस्ट्रेटेड लंडन न्यूज हे त्याचे ठळक उदाहरण होय.

रंगमुद्रण : प्रारंभी काळ्या छापावर हाताने रंग भरीत. जॉर्ज बॅक्स्टर (१८०४–६७) याने १८३५ मध्ये धातूचा मूळ पत्रा आणि रंगांचे ठोकळे यांचा संयोग करणाऱ्या पद्धतीचे एकस्व मिळविले. एडमंड एव्हान्झ (१८२६–१९०५) याने वॉल्टर क्रेन, केट ग्रीनअवे, रँडॉल्फ कॉल्डकॉट यांची बालचित्रे काष्ठठोकळ्यांवरून छापली. रंगमुद्रणात सर्वांत अवघड बाब म्हणजे ठोकळ्यांची जुळणी. प्रत्येक रंगासाठी कागद पुन्हा यंत्रावर ठेवावा लागे आणि तो किंचित सरकला तरी झाडाची हिरवी छटा आकाशात शिरे. एका रंगावर दुसरा रंग चढवून तिसरी छटा साधत असल्याने रंगांचा क्रमही आधीच ठरवावा लागे.

या कलेतील एक असामान्य नाव बेंजामिन फॉसिट (१८०८–९३) याचे आहे. यॉर्कशरमधील ड्रिफील्ड या लहानशा बाजारगावी राहून त्याने लंडनच्या मुद्रकांच्या तोडीचे काम केले. धर्मोपदेशक व निसर्गाभ्यासक फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस (१८१०–९३) याच्या पक्षिग्रंथांची चित्रे त्याने छापली. पुढे या दोघांच्या सहकार्यातून ग्रेट ब्रिटन व आयर्लंडमधील सरदार-जमीनदारांच्या निवासस्थानांची चित्रमाला निघाली. १८६० नंतरच्या दशकात सुरू झालेली ही माला सहा खंडांची असून तीत सु. २४० रंगीत चित्रे आहेत. बहुतेक चित्रे फॉसिटकडे उमेदवारी करून तयार झालेला चित्रकार अलेक्झांडर फ्रान्सिस लायडन (१८३६–१९१७) याची आहेत. प्रत्येक चित्रासोबत मॉरिसने त्या घराचा व घराण्याचा वृत्तांत दिला आहे. पुढे अनेक प्रतींची पाने सुटी करून ती चौकटीत बसवून विकण्यात आली. त्यामुळे आज ही चित्रे बहुधा एकेकटी, त्यांच्या वृत्तांतापासून तुटलेली आढळतात. अशा चित्राची परीक्षा भिंगाने करावी. काष्ठोत्कीर्णनात छटा कोरलेल्या रेषांनी साधलेली दिसते, शिलामुद्रणात दगडाच्या पृष्ठभागाचे कण जाणवतात, तर हाताने भरलेला रंग रेषेबाहेर ओघळलेला आढळतो.

चित्रांचा आशय : या चित्रांची रचना ठराविक आहे. घर मध्यभागी, किंचित दूर व उंचवट्यावर असते. पुढे हिरवळ, एखादे तळे, बाजूंना जुने वृक्ष, चरणारी हरणे वा गुरे आणि प्रमाण कळावे एवढ्यापुरत्या दोनचार लहान मनुष्याकृती असतात. आकाश बहुधा निवळलेले असते. स्वयंपाकघर, तबेले, नोकरांचे जिने, कुळांच्या झोपड्या यांना या चौकटीत सहसा स्थान नसते. चॅट्सवर्थसारखा प्रासाद अशा चित्रात टेकडीइतकाच नैसर्गिक भासतो. वस्तुतः त्याभोवतालचे उद्यानही मुद्दाम घडविलेले आहे. अठराव्या शतकात तेथील नदीकाठची भूमी नव्याने आखताना जुन्या वस्तीचा काही भाग हलविण्यात आला होता.

या घरांमागील संपत्ती केवळ इंग्लंडच्या शेतीतून आलेली नव्हती. यॉर्कशरमधील हेअरवुड हाउस उभारणाऱ्या लासेल्स घराण्याचे वैभव वेस्ट इंडीजमधील साखरेच्या व गुलामांच्या श्रमाच्या व्यवहाराशी निगडित होते. बार्कशरमधील बॅसिल्डन पार्क हा प्रासाद बंगालमध्ये धनवान झालेल्या फ्रान्सिस साइक्सने बांधविला. पुण्याशी संबंध असलेले उदाहरण सर चार्ल्स मॅलेट याचे होय. पेशव्यांच्या दरबारी तो ईस्ट इंडिया कंपनीचा वकील होता आणि इंग्लंडला परतल्यावर विल्टशरमधील विल्बरी हाउस हे त्याच्या घराण्याचे निवासस्थान झाले. पुण्यात असताना त्याने गंगाराम चिंतामण तांबट या स्थानिक चित्रकाराकडून लेण्यांची व इतर विषयांची चित्रे काढवून घेतली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारालाही त्याचा आश्रय होता. गंगाराम तांबटांची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

महाराष्ट्रातील मुद्रणचित्रे : महाराष्ट्रात कोरीव ठशाचे काम नवे नव्हते. नाना फडणिसांच्या काळी पुण्यात देवनागरी अक्षरे तांब्याच्या पत्र्यावर कोरण्याचा उद्योग सुरू झाला होता आणि त्या प्रयत्नांचे फळ म्हणून १८०५ मध्ये मिरजेस भगवद्‌गीता ताम्रपटांवरून छापण्यात आली. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने देवनागरी मुद्राक्षरांत सुधारणा केल्या. मिशनच्या ज्ञानोदय (१८४२) व बालबोधमेवा (१८७३) या नियतकालिकांतून मराठी वाचकास ठशांवरून छापलेल्या चित्रांचा परिचय होत गेला. तथापि येथे काष्ठोत्कीर्णनाऐवजी शिलामुद्रण अधिक रुजले. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापले होते. दगडावर लेखकाचे वळण व चित्रकाराची रेषा जशीच्या तशी उतरत असे आणि कोरणाऱ्या कारागिराची दीर्घ उमेदवारी लागत नसे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये पुण्यात काढलेल्या चित्रशाळेने आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा मुद्रणालयाने रंगीत शिलामुद्रिते घरोघर पोहोचविली. मुंबईहून पुणे, दौंड, जेऊर, कुर्डुवाडी या मार्गाने सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत सोलापुरास पोहोचला होता. त्यामुळे अशी चित्रे लहान गावांच्या बाजारांपर्यंत जाणे सुकर झाले.

या चित्रांच्या विषयांची निवड लक्षणीय आहे. ड्रिफील्डच्या मुद्रकाने उमरावांची घरे रंगविली, तर पुण्याच्या चित्रशाळेने रामपंचायतन, देवदेवता आणि नाना फडणिसांसारखे इतिहासपुरुष रंगविले. चिपळूणकरांच्या पिढीला गतवैभवाचे स्मरण माणसांच्या रूपाने जागवावयाचे होते. घराचे स्वतंत्र चित्र हा प्रकार मात्र मराठी मुद्रणात रुजला नाही. याचे एक कारण वास्तुरचनेत आहे. इंग्रजी प्रासाद बाहेर पाहतो. त्याची दर्शनी बाजू दुरून दिसावी म्हणूनच पुढे मोकळी भूमी राखलेली असते. मराठी वाडा आत पाहतो. रस्त्याच्या बाजूस भिंत व दिंडीदरवाजा आणि आत चौकामागून चौक अशी त्याची रचना असते. सोपा, माजघर, देवघर, कोरीव खांब व तक्तपोशी यांचे सौंदर्य उंबरठा ओलांडल्याखेरीज दिसत नाही. एका चौकटीत, एका दृष्टिबिंदूवरून वाडा चितारणे म्हणूनच कठीण आहे.

या अभावाची किंमत शनिवारवाड्याच्या बाबतीत जाणवते. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला, तेव्हा छायाचित्रणाचा शोध जाहीर व्हावयाचा होता. तट, बुरूज, दरवाजे व जोती शिल्लक राहिली. आतील दिवाणखाने व महाल यांची कल्पना मुख्यतः कागदपत्रे, वर्णने आणि थोड्या चित्रांच्या आधारे करावी लागते. वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅन्यल याने रंगविलेले पेशवे दरबाराचे चित्र त्यामुळेच मोलाचे ठरते.

गणेशखिंड : इंग्रजी प्रासादाची प्रतिकृती म्हणावी अशी वास्तू पुण्यातच उभी राहिली. मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या कारकीर्दीत, १८६४ मध्ये, गणेशखिंड येथे गव्हर्नरच्या निवासस्थानाचे काम सुरू झाले व ते १८७१ मध्ये पुरे झाले. वास्तुकार जेम्स ट्रुबशॉ हा होता. इटालियन धर्तीच्या या वास्तूचा उंच मनोरा आणि विस्तीर्ण आवार यांवरून तिची तुलना व्हिक्टोरिया राणीच्या ऑझ्बर्न हाउसशी केली जाते. ड्रिफील्डमध्ये प्रासादांची चित्रे छापली जात होती त्याच दशकात ही वास्तू बांधली जात होती. चित्रातील दृश्य येथे दगडात उतरले : समोर हिरवळ, भोवती वृक्षराजी आणि वस्तीपासून राखलेले अंतर. मात्र चित्राच्या चौकटीने जे बाहेर ठेवले होते ते येथे बाहेर राहिले नाही. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून या प्रासादातून परतताना प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाकडे ही वास्तू आली. २०१४ पासून त्याचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे आहे.

ऱ्हास व मूल्य : १८८० नंतर हाफटोन पद्धतीने छायाचित्र थेट धातूच्या ठशावर उतरविता येऊ लागले आणि शतकाअखेर काष्ठोत्कीर्णकांचा व्यवसाय जवळजवळ संपला. महाराष्ट्रातही मनोरंजन (१८९५) व चित्रमयजगत (१९१०) यांच्या काळात छायाचित्रांचे ठसे प्रचारात आले. चित्रांतील घरेही अबाधित राहिली नाहीत. अमेरिकेतून येणाऱ्या स्वस्त धान्यामुळे जमिनीचे उत्पन्न घटले, १८९४ पासून वारसा-कराचा भार वाढला आणि दोन महायुद्धांनंतर नोकरवर्ग व पैसा दोन्ही दुर्मीळ झाले. विसाव्या शतकात इंग्लंडमधील असे शेकडो प्रासाद पाडण्यात आले. या हानीकडे लक्ष वेधणारे प्रदर्शन १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात भरले होते. पाडलेल्या घरांच्या बाबतीत फॉसिटच्या छापखान्यातील चित्र हे पुराव्याचे साधन बनले आहे. मात्र मालकाच्या अभिमानासाठी काढलेला तो पुरावा आहे, ही मर्यादा अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवी.

मराठी वाड्यांचा ऱ्हासही वाटण्या, दुरुस्तीचा खर्च, लाकडाची विक्री व शहरांतील जमिनीचे वाढते मोल यांमुळे झाला. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळील मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा यांसारख्या वास्तू टिकून आहेत. पण गावोगावच्या अनेक वाड्यांची व गढ्यांची चित्रे कधी निघालीच नाहीत. अशा वास्तूंच्या नोंदीसाठी दर्शनी चित्र अपुरे पडते. प्रत्येक चौकाचा आराखडा, छेदचित्र, खांब व तुळयांची मापे, तसेच कोठार, विहीर, तबेला आणि कामकऱ्यांच्या राहण्याच्या जागा यांचीही नोंद आवश्यक असते. फॉसिटच्या ठोकळ्यांनी हिरवळीपलीकडून जे दाखविले नाही, ते अशा नोंदीतूनच कळू शकते.