देवळालीचे मास्तर आणि १४२८५७

डिसेंबरातली संध्याकाळ होती. लेस्टरला चार वाजताच अंधार पडला होता. आमचे चिरंजीव गृहपाठ करता करता एकाला सातने भागत होते. दशांशचिन्हापुढे १४२८५७ हेच आकडे पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा त्याने विचारले, "बाबा, असं का?" त्या प्रश्नावरून मला देवळालीचे कापरेकर मास्तर आठवले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी. पुढचे शिक्षण झाले नाही. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिक्षक होते. संख्यांचा नाद मात्र जन्मभर सुटला नाही. ६१७४ या संख्येविषयीचा त्यांचा शोध १९४९ सालचा. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे; फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते.

त्यांच्या नावाच्या संख्या याहून वेगळ्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, आणि बेरीज पुन्हा ४५. आपली १४२८५७ ही अशीच एक कापरेकर संख्या. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे १४२८५७!

हा चमत्कार नव्हे. १४२८५७ ला सातने गुणले की ९९९९९९ येतात. तिच्यातून एक वजा केला, की उरलेल्या १४२८५६ ला सातने पूर्ण भाग जातो आणि भागाकार येतो २०४०८. म्हणून तिचा वर्ग म्हणजे ९९९९९९ गुणिले २०४०८, अधिक १४२८५७. आता ९९९९९९ म्हणजे दहा लाखांत एक कमी. तेव्हा डावीकडे २०४०८ राहतात, आणि तेवढेच उजवीकडून वजा होऊन १२२४४९ उरतात. बेरीज मूळपदावर येणारच.

कापरेकरांच्या हयातीत आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी हा सारा पोरखेळ मानला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर जगाचे लक्ष गेले. मास्तर १९८६ साली वारले. २००० साली डग्लस इआनुची यांनी या सर्व संख्यांचे नाते ९९, ९९९, ९९९९ अशा संख्यांच्या विभाजकांशी जोडून दाखविले. खेळाच्या बुडाशी नियम होता.

परदेशात आपण मुलांना अशा गोष्टी अभिमानाने सांगतो, पण बहुधा जादू म्हणून. मास्तरांचा खरा मान त्यातले ‘का’ सांगण्यात आहे, असे मला वाटते.

चिरंजीवांनी लगेच एकाला तेराने भागले. ७६९२३ आले. वर्ग ५९१७१४७९२९, तुकड्यांची बेरीज १५३८४६, म्हणजे मूळ संख्येच्या नेमकी दुप्पट. ती का, हे त्याने वरच्याच रीतीने शोधून काढले. वाचकांनीही कागद-पेन्सिल घेऊन बघावे.