चट्टा बघायला पुन्हा गेलेली माणसं

आमची आजी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची. पानं काळी पडेपर्यंत घरभर ठसका सुटायचा. मग ती चुरून, फडक्यातून गाळून पत्र्याच्या डबीत भरायची. पहाटे उंबऱ्याशी बसून बोटाने हिरड्यांवर ही मिसरी घासत राहायची. तिच्या खालच्या ओठाच्या आत एक पांढरा, सुरकुतलेला पट्टा होता. मला लहानपणी वाटायचं, चुना लागलाय. पुढे दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकात तोच पट्टा चित्रात दिसला आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

त्या चट्ट्याला 'ल्युकोप्लाकिया' हे नाव 1877 साली बुडापेस्टच्या एर्नो श्विमर या त्वचारोगतज्ज्ञाने दिलं. पुसून न निघणारा, दुसऱ्या कुठल्या आजाराच्या नावाखाली न बसणारा पांढरा चट्टा. नाव मिळालं, पण खरा प्रश्न तसाच राहिला: यातला कुठला चट्टा उद्या कॅन्सर होणार?

आकडे काढायला गेलं, तर ते एकमेकांशी जुळत नव्हते. सान फ्रान्सिस्कोत सोल सिल्वरमन यांनी 257 रुग्ण सरासरी सात वर्षं पाहिले, त्यांतल्या 17.5 टक्क्यांना कॅन्सर झाला. याच सिल्वरमन यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या 57,518 कामगारांची तोंडं तपासली होती. तिथे चट्टे असलेल्यांपैकी दोन वर्षांत जेमतेम 0.13 टक्के बिघडले. खोटं कुणीच बोलत नव्हतं. दवाखान्याची पायरी चढतो तो बहुधा त्रास वाढल्यावरच, आणि दोन वर्षं हा काळही थोडाच. चट्ट्याचा स्वभाव कळायला दारोदार जायला हवं होतं आणि त्याच दारी पुन्हा पुन्हा जायला हवं होतं.

ते काम मुंबईतून उभं राहिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे जेन्स पिंडबोर्ग यांनी 1966 पासून देशातल्या पाच जिल्ह्यांत 50,915 गावकऱ्यांची तोंडं तपासली. पाठोपाठ पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची पाहणी झाली. तिचा अहवाल 1972 साली छापला गेला. एक लाख तोंडं! म्हणजे माझ्या आजीसारख्या किती बायकांनी पदराने तोंड पुसून, संकोचत ओठ उलटा करून दाखवला असेल.

एर्नाकुलमसह काही जिल्ह्यांत ही मंडळी दहा वर्षं त्याच घरी जात राहिली. तेव्हा चित्र स्पष्ट झालं. नवे कॅन्सर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनाच झाले होते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या तोंडात आधीपासून काही ना काही खूण होती. गुळगुळीत, एकसारखे पांढरे चट्टे बहुतेक तसेच राहिले. लालसर पायावर पांढरे दाणे उठलेले चट्टे सर्वांत जास्त उलटले. निव्वळ लाल, मखमली दिसणारा चट्टा तर त्याहून वाईट. 1975 च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा चट्ट्यांतून काढलेल्या दर दहा तुकड्यांपैकी नऊ तुकड्यांत कॅन्सर किंवा त्याच्या उंबरठ्यावरचा बदल आढळला.

सुपारीने तोंड आखडण्याच्या रोगाचंही तसंच. मुंबईचे डॉ. जोशी यांनी 1953 मध्ये त्याचं वर्णन केलं. पण त्यातून कॅन्सर किती जणांना होतो, हे कळायला एर्नाकुलमचे 66 रुग्ण सतरा वर्षं तपासत राहावं लागलं. त्यांतल्या पाच जणांना कॅन्सर झाला.

या चिकाटीशेजारी ऑस्लोची गोष्ट ठेवावी लागते. जॉन सुडबो या नॉर्वेजियन डॉक्टरने पेशींतलं डीएनए मोजून चट्ट्याचं भविष्य सांगता येतं, असं 2001 साली जाहीर केलं. जगभर त्याची वाहवा झाली. मग 2005 मध्ये त्याचा 908 माणसांवरचा तोंडाच्या कॅन्सरचा दुसरा अभ्यास आला. त्यातल्या 250 जणांची जन्मतारीख एकच होती. ती सगळी 908 माणसं अस्तित्वातच नव्हती. पुढच्या वर्षी चौकशी झाली आणि 2001 चा निबंधही मागे घेतला गेला. आमच्याकडे लाखभर खऱ्या माणसांनी तोंड उघडून दाखवलं होतं. तिथे एकाने माणसंच कागदावर जन्माला घातली. ज्या रुग्णांचे उपचार त्या आकड्यांच्या भरवशावर ठरले असतील, त्यांची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

आज सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण बघतात, तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राचे तुकडे गळालेत का, हेही तपासता येतं. त्याने अंदाज सुधारतो, पण खात्री कुणीच देत नाही. म्हणून माझ्या दवाखान्यात मी प्रत्येक चट्टा गॉजने पुसून बघते, बोट फिरवून कडकपणा बघते, वहीत आकार काढून ठेवते आणि सांगते, "ताई, तीन महिन्यांनी परत या."

माझी एवढीच विनंती आहे. मिसरीची डबी, गुटख्याची पुडी आजच फेकून द्या. आरशासमोर उजेडात ओठ उलटा करून बघा, गाल बाजूला ओढून बघा. लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली किंवा तोंडात उभी तीन बोटं मावेनाशी झाली, तर दुखायची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांनी बोलावलं, तर दुखत नसलं तरी जा.