यकृताची पुनर्घटना

ग्रीक पुराणांत गरुड प्रॉमिथियसचें यकृत दिवसा खाई व रात्रीं तें पुन्हा वाढे. ही कथा वैद्यकाच्या ग्रंथकारांना अंमळ जास्तच आवडते. १९३१ सालीं अमेरिकेंत हिगिन्स व अँडरसन या द्वयानें उंदरांच्या यकृताचा दोनतृतीयांश भाग कापून काढला; कांहीं आठवड्यांत तें पूर्ववत् वजनाचें झालें. हें काम मूलपेशींचें नव्हे. उरलेल्या प्रौढ पेशीच विभागत गेल्या.

मग मूलपेशींची एवढी कीर्ति कां? २००० सालीं पुरुषाच्या अस्थिमज्जेचें रोपण झालेल्या स्त्रियांच्या यकृतांत वाय गुणसूत्राच्या पेशी आढळल्या. त्याच वर्षीं मज्जेंतील मूलपेशींनीं यकृतविकारी उंदीर वांचले. रक्ताची पेशी यकृताची झाली, असा एकच गवगवा उठला! परंतु २००३ सालीं त्याच जातीच्या उंदरांत उघड झालें कीं, तिचें रूपांतर झालें नव्हतें. ती रोगी यकृतपेशीशीं एकजीव झाली होती. हा भेद जाहिरातींत कोणी सांगत नाहीं, आणि दागिने मोडून उपचार घेणाऱ्या कुटुंबाला तो कळणार तरी कसा?

पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेसारख्या तीव्र आघातांत आमच्या मतें खरा प्रश्न वेळेचा आहे. वेळींच अ‍ॅसिटिलसिस्टीन दिल्यास यकृत बहुधा वांचतें व स्वतःच भरून येतें. तें पुरतें निकामी झालें, तर आजहि भरंवशाचा उपाय प्रत्यारोपणच. आणि त्यासाठीं जिवंत दात्यानें दिलेला अंश रोग्याच्या देहांत, व उरलेला दात्याच्या देहांत, दोन्हीकडे वाढतो.