अधिकारावाचून प्रतिनिधी

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले, तेव्हापासून मद्यप्याच्या पत्नीचे दुःख मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. सुधाकराची वकिली बुडते, घर बुडते, आणि सिंधू जात्यापाशी बसते. ते पाहून आपल्या आजी-पणजींनी डोळ्यांना पदर लावले. परंतु या नाटकातील एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पिणाऱ्यांना तेथे एक संस्था आहे, तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’. मंडळाला सभासद आहेत, चर्चा आहेत, एकमेकांना सावरून धरणे आहे. सिंधूला मात्र कोणतेही मंडळ नाही. तिच्याजवळ वावरणारी गीता ही खुद्द तळीरामाची बायको. एकाच व्याधीने होरपळलेल्या दोन स्त्रिया एकमेकींचे अश्रू पुसतात; त्यापलीकडे त्यांना वाट ठाऊक नव्हती, आणि त्या काळी ती कोणालाच ठाऊक नव्हती.

ती वाट पुढे अमेरिकेत, काही गृहिणींच्या पत्रव्यवहारातून निघाली. तिचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि त्यातल्या त्यात तेथे निर्माण झालेल्या ‘गटप्रतिनिधी’ या पदाचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे. आपण वाचक बहुतेक सरकारी अधिकारी. पद, अधिकार आणि प्रतिनिधित्व यांचा आपल्याला रोजचा परिचय. म्हणूनच हे विचित्र पद आपल्याला विचारप्रवृत्त करील असे वाटते.

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन हा गृहस्थ १९३४ च्या डिसेंबरात दारूपासून सुटला. पुढल्या वर्षी ओहायो संस्थानातील ॲक्रन गावी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. तोही त्याच व्यसनाने ग्रासलेला. एका मद्यप्याने दुसऱ्याशी मनमोकळे बोलावे आणि त्या बोलण्यातून दोघांनीही सावरावे, या अनुभवातून १९३५ साली ‘अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ जन्मास आली. हा भाग बहुश्रुत आहे.

बिलची पत्नी लोइस हिची हकीकत तितकी बहुश्रुत नाही. १९१८ साली तिचे लग्न झाले. नवऱ्याच्या व्यसनाच्या काळात तिने दुकानात नोकरी करून घर चालविले, त्याला अंथरुणावर निजविले, त्याच्या वतीने खोटी कारणे सांगितली. त्याची दारू सुटली की आपले दुःख संपले, अशी तिची समजूत होती. दारू सुटली, पण त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी, ‘सभेला उशीर होतो, लवकर आटप’ असे बिलने म्हणताच तिने हातातला जोडा संतापाने भिरकावला. तिचे तिलाच आश्चर्य वाटले. पुढे आयुष्यभर ती ही गोष्ट सांगत असे. जे काम सतरा वर्षांच्या सेवेने आपल्याला साधले नाही, ते परक्या माणसांनी काही महिन्यांत केले, याचा तो राग होता. आपली आता कोणाला गरज उरली नाही, हे शल्य त्याच्या मुळाशी होते. मद्यपी बरा झाला तरी त्याच्या घरातील माणूस आजारीच राहू शकतो, हे सत्य तिला त्या जोड्याने शिकविले.

ब्रुकलिनमधील तिच्या घरी पुरुषांच्या सभा भरत. बरोबर आलेल्या बायका चहाकॉफीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जमत, आणि हळूहळू नवऱ्यांविषयीचे बोलणे मागे पडून त्या स्वतःविषयी बोलू लागल्या. १९३९ साली चळवळीचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे. ते आपल्याला लिहावयास मिळेल असे लोइसला वाटत होते; पण तेही बिलनेच लिहिले. हा सल तिच्या मनात दीर्घकाळ राहिला. पत्नींच्या वतीनेही पतीनेच बोलावे, ही रीत त्या उदार चळवळीतसुद्धा होती; आणि पुढे घडलेल्या प्रतिनिधित्वाच्या विचाराची एक मुळी येथे आहे असे मला वाटते.

पुढील दहा-बारा वर्षांत असे कुटुंबीयांचे गट अमेरिकेत व कॅनडात आपापले निर्माण झाले. कोणाचे नाव एक, कोणाचे दुसरे. कोणाला दुसऱ्याचा पत्ता नाही. १९५० साली दौऱ्यावर असताना बिलच्या हे ध्यानी आले. मूळ चळवळीच्या कचेरीत कुटुंबीयांची पत्रे येऊन पडत होती, आणि मद्यप्यांच्या कामात गुंतलेल्या त्या कचेरीला त्यांची उत्तरे देणे जमत नव्हते. १९५१ साली लोइस आणि तिची शेजारीण ॲन बी. (या मंडळींत आडनाव न सांगण्याचा प्रघात आहे) या दोघींनी ती पत्रे हाती घेतली. ८७ नावांची यादी होती. दोघींनी सर्वांना पत्रे लिहिली. ५६ ठिकाणांहून उत्तरे आली. एकत्र यावे काय, नाव काय असावे, तत्त्वे कोणती असावीत, हे प्रश्न त्यांनी गटांनाच विचारले. मूळ चळवळीच्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘अल-ॲनॉन’ हे नाव पक्के झाले. १९५४ साली या कामाला रीतसर नोंदणीकृत संस्थेचे रूप आले.

येथे प्रत्येक संस्थेच्या आयुष्यात येणारा तो नाजूक क्षण आला. दोन सज्जन स्त्रिया मेजापाशी बसून शेकडो गटांना सल्ला देत आहेत. त्यांच्या शब्दाला मान आहे. त्यांनी मनात आणले असते तर त्या मेजाचे सिंहासन होण्यास कितीसा वेळ लागला असता? आपल्याकडील किती सेवासंस्था संस्थापकाच्या निष्ठेवर उभ्या राहिल्या आणि त्याच निष्ठेपायी पुढे खुरटल्या, हे निराळे सांगावयास नको. लोइसने उलट केले. मद्यप्यांच्या चळवळीने १९५१ पासून प्रतिनिधींची परिषद भरविण्यास आरंभ केला होता. त्या नमुन्यावर १९६१ साली कुटुंबगटांची परिषद प्रायोगिक म्हणून भरली आणि १९६३ साली ती कायम झाली. निर्णयाचा अधिकार मेजापासून गटांकडे गेला. त्या व्यवस्थेचा पाया म्हणजे गटप्रतिनिधी.

हा प्रतिनिधी काय करतो? आठवड्यातून एकदा कोठे चर्चच्या तळघरात, कोठे शाळेच्या वर्गात दहा-पंधरा माणसे जमतात. त्यांपैकी एकाला गट निवडतो. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. वेतन नाही, प्रवासाचा खर्च गटात फिरविलेल्या टोपलीतून निघतो, आणि बाहेरची देणगी तर घ्यावयाचीच नाही. जिल्ह्याच्या बैठकीत व विभागाच्या सभेत त्याने आपल्या गटाचे म्हणणे मांडावे, तेथील वृत्तान्त गटाला आणून द्यावा, आणि विभागातून वरच्या परिषदेसाठी जो प्रतिनिधी निवडावयाचा त्यासाठी मत द्यावे, एवढे त्याचे काम. गटातील कोणालाही त्याला हुकूम करता येत नाही. कोणाला काढून टाकता येत नाही. वृत्तपत्रात स्वतःचे पूर्ण नाव छापून गटाच्या वतीने बोलता येत नाही.

आणखी एक अट लक्षणीय आहे. एखादी व्यक्ती स्वतः मद्यप्यांच्या चळवळीची सभासद असून शिवाय कुणा मद्यप्याची नातलगही असेल, तर तिला कुटुंबगटात मुक्तद्वार आहे. परंतु गटप्रतिनिधी होता येत नाही. ही अट वरवर कठोर दिसते. तथापि पत्नींचे प्रकरण पतीने लिहिल्याची ती जुनी हकीकत आठवली म्हणजे तिचे मर्म कळते. या एका ठिकाणी तरी कुटुंबीयाचा आवाज कुटुंबीयाच्याच तोंडून निघावा, असा तिचा आशय आहे.

मग हा प्रतिनिधी केवळ निरोप्या आहे काय? तसेही नाही. १७७४ साली एडमंड बर्कने ब्रिस्टलच्या मतदारांना बजावले होते की, प्रतिनिधीने आपली विवेकबुद्धी मतदारांच्या आज्ञेला वाहून टाकू नये. कुटुंबगटांनी १९७० साली सेवेची जी बारा सूत्रे स्वीकारली, त्यांतही प्रतिनिधीला निर्णयाचा हक्क दिलेला आहे. सभेत सर्व बाजू ऐकून त्याने सद्सद्विवेकाने मत द्यावे. मात्र बर्कला माहीत नसलेले कुंपण येथे आहे. अल्पमतात राहिलेल्याला पुन्हा दाद मागण्याचा हक्क आहे; निर्णय शक्यतो एकमताने व्हावा असा दंडक आहे; कोणाही सभासदाला इतरांवर निरंकुश सत्ता मिळू नये आणि कोणालाही व्यक्तिशः शिक्षा होऊ नये, असे अभिवचन आहे. वाणी दिली, दंड काढून घेतला, असे या पदाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

ही सावधगिरी केवळ लोकशाहीच्या प्रेमापोटी आली असेल असे मला वाटत नाही. मद्यप्याच्या घरात वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला दोन सवयी जडतात. तो बाटल्या मोजतो, कुलुपे लावतो, वेळ सांभाळतो, कचेरीत ‘साहेबांना ताप आहे’ असा निरोप धाडतो. सगळ्या घराचा ताबा आपल्या हाती असल्याखेरीज छप्पर कोसळेल, असे त्याला वाटते. दुसरी सवय याच्या उलट. सगळे मुकाट्याने सोसण्याची. अशा माणसाच्या हाती अधिकाराचे पद दिले तर पहिली सवय बळावते, आणि मुळीच काही दिले नाही तर दुसरी. व्यसन आपण लावले नाही, आपल्याला ते आवरता येत नाही आणि बरेही करता येत नाही, हा या गटांचा पहिला पाठ. आणि प्रतिनिधीचे काम म्हणजे तोच पाठ सभेत गिरविणे होय. आपल्या गटाचे म्हणणे मांडावे, ते नाकारले गेले तर घरी येऊन तसे सांगावे आणि शांत झोपावे. ज्या स्त्रीने दहा वर्षे मध्यरात्रीपर्यंत दाराकडे डोळे लावून काढली, तिला ही शांत झोप किती महाग असते, हे तिचे तीच जाणे. अधिकारावाचूनचे हे पद गटाच्या जितके हिताचे, तितकेच ते धारण करणाऱ्याच्या औषधाचे आहे.

आपल्या देशात या व्याधीवर संस्थात्मक उपचार उभे राहिले, त्यांच्याही मुळाशी घरातील माणसाची वेदना दिसते. मद्रासमध्ये शांती रंगनाथन यांनी व्यसनापायी पती गमावल्यानंतर १९८० साली रुग्णालय सुरू केले, पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ उघडले. तेथे वैद्य आहेत, समुपदेशक आहेत. कुटुंबगट त्यांची जागा घेऊ शकत नाहीत, घेऊही नयेत. परंतु रुग्ण बरा होऊन घरी येतो, त्यानंतरच्या लांबलचक वर्षांत घरच्या माणसाला स्वतःची अशी एक जागा लागते.

स्वप्रांतापासून दूर नोकरी करणाऱ्यांना तर ती विशेषच लागते. गावी असताना मामा असतो, थोरली जाऊ असते, निदान शेजारच्या काकू असतात. बदलीच्या गावी सरकारी वसाहत असते, आणि तेथे स्त्री ओळखली जाते ती पतीच्या हुद्द्यावरून. अशा ठिकाणी घरातील गुपित दडविणे म्हणजे पतीची नोकरी राखणे, असेच तिला वाटते. आज आपल्या मोठ्या शहरांतून कुटुंबगटांच्या सभा भरतात. तेथे आडनाव विचारीत नाहीत आणि हुद्दाही विचारीत नाहीत. ही साधी गोष्ट वसाहतीतून आलेल्या माणसाला केवढा दिलासा देत असेल!

आपण सारे बदलीचे धनी. ठरावीक मुदतीनंतर चार्ज द्यावा, किल्ल्या आणि दप्तर नव्या माणसाच्या स्वाधीन करावे, हे आपल्या अंगवळणी पडलेले असते; तरीही खुर्ची सोडताना मन थोडे रेंगाळतेच. गटप्रतिनिधीही तीन वर्षांनी वही आणि पत्रव्यवहार पुढच्याच्या हाती ठेवतो आणि वर्तुळात आपल्या जुन्या खुर्चीवर येऊन बसतो. त्याच्या शेजारी त्या दिवशी प्रथमच आलेली एखादी सिंधू असते. तिच्याशी चार शब्द बोलावयाला त्याला कधीच कोणते पद लागले नव्हते.