पावसाळी ट्रेकमध्ये जळू लागली तर: रक्त, खाज आणि नंतर येणारा ताप

पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याकडचे ट्रेकिंगचे गट आधी चिखलदरा, गाविलगड, नरनाळा करतात आणि मग आंबोली, वासोटा किंवा थेट कर्नाटकातल्या कुद्रेमुखपर्यंत जातात. मेळघाटाचे सागाचे रान पानझडीचे आहे. उन्हाळ्यात ते कोरडे ठणठणीत पडते, त्यामुळे जमिनीवरच्या जळवांचा सुळसुळाट तिथे सह्याद्रीसारखा नसतो. आपल्याकडच्या लोकांना जळू माहीत असते ती तळ्यात, डबक्यात गुरांना लागणारी. पायवाटेवरच्या ओल्या पाचोळ्यातून उभी राहून बुटावर चढणारी काडीएवढी जळू पहिल्यांदाच दिसते आणि गटात एकच धावपळ उडते.

जळू चावलेली कळतच नाही. मोजा काढल्यावर तो रक्ताने भिजलेला दिसतो तेव्हा लक्षात येते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो, त्याला हिरुडिन म्हणतात. त्यामुळे जळू गळून पडल्यावरही जखम तासन् तास पाझरत राहते. दृश्य भयंकर दिसते, पण जळू पिते ते रक्त फार तर चहाच्या चमच्याएवढे. जळू विषारी नसते. तिच्यामुळे एचआयव्ही होतो का, असेही पुष्कळ जण विचारतात. माणसाला जळूमुळे एचआयव्ही झाल्याची नोंद नाही.

काढायची कशी?

मीठ, चुना-तंबाखू, काडेपेटी, डिझेल यांपैकी काहीही नको. यांनी जळू सुटते खरी, पण सुटताना पोटातले ओकते आणि तिच्या आतड्यातले जंतू जखमेत जाऊ शकतात. पेटती काडी लावून स्वतःची कातडी भाजून घेणारेही कमी नाहीत. ओढूनही काढू नका.

जळूचे निमुळते टोक शोधा. चावा तिथे असतो. त्याच्या शेजारी नख किंवा एटीएम कार्डाची कड कातडीला सपाट टेकवून हळूच सरकवा. ते टोक सुटले की जाड टोकही तसेच सोडवा आणि लगेच झटकून टाका, नाहीतर ती बोटाला चिकटते. घाई नसेल तर तिला तसेच राहू द्या. पोट भरले की अर्ध्या-एक तासात ती आपोआप गळते.

नंतर जखम साबण-पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाची घडी ठेवा आणि पाय उंच करून 15 मिनिटे सलग दाबून धरा. दर मिनिटाला उघडून पाहिले तर रक्त थांबणार नाही. हळद, राख, कोळ्याचे जाळे जखमेत भरू नका. खाज आठवडाभर, कधी त्याहून जास्त राहते. सेट्रिझिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. नखाने खाजवून जखम चिघळलेले रुग्ण मी जास्त पाहतो, जळूने थेट बिघडलेले फार कमी. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवत नसेल, तर परत आल्यावर घेऊन टाका.

हृदयात स्टेंट आहे म्हणून अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू आहे, किंवा झडपेसाठी वॉरफरिन चालू आहे, अशांना मात्र वेगळे सांगावे लागते. ट्रेकसाठी ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ते जळूपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. जळवांच्या वाटेवर जायचे की नाही हे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. दाबूनही रक्त घडीवर घडी भिजवत असेल, चक्कर येत असेल, तर गट सोडून खाली उतरा आणि दवाखाना गाठा. कोणालाही अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर हीच सूचना. डोळ्यात किंवा नाकात शिरलेली जळू घरी काढायला जाऊ नका. ओढ्याला तोंड लावून पाणी पिणाऱ्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून काही दिवस वारंवार रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

टाळण्यासाठी फार काही लागत नाही. पँट मोज्यात खोचा, शक्यतो गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे घाला, मोज्यांवर आणि बुटांवर डीट असलेले मलम किंवा स्प्रे लावा, पाचोळ्यात बसू नका आणि दर थांब्याला एकमेकांचे पाय तपासा.

ताप आला तर

जळू डोळ्यांना दिसते म्हणून तिचे भय वाटते. मला काळजी वाटते ती त्याच गवतातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चिगर किड्याची. याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो आणि हा आजार आपल्या विदर्भातलाच आहे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण वाढले होते, मृत्यूही झाले. म्हणजे जळू न दिसलेल्या, अगदी गावाजवळच्या टेकडीवरूनही हा ताप येऊ शकतो.

चाव्यानंतर साधारण 6 ते 21 दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. तोवर ट्रेक विसरलेला असतो. घरचे म्हणतात, व्हायरल आहे. काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्तनांखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का ते पाहा. ती दुखत नाही, म्हणून रुग्णाला ठाऊक नसते. जळूच्या चाव्यावरही लहान खपली धरते, पण ती खाजते आणि बहुधा पायावर असते. काळी खपली नसली म्हणून स्क्रब टायफस नाही, असे मात्र समजू नका. अनेकांत ती सापडत नाही.

वेळेत ओळखला तर हा आजार डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरा होतो आणि बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांना धक्का बसतो. म्हणून दाट संशय असला की डॉक्टर तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. गोळी स्वतः मेडिकलमधून आणू नका. गरोदर स्त्रियांसाठी औषध वेगळे निवडावे लागते. साचलेल्या पाण्यातून, चिखलातून चाललेल्यांना लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. त्यात डोळे लाल होतात आणि पोटऱ्या कमालीच्या दुखतात.

डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत तापाला पॅरासिटामॉल चालेल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन टाळा, कारण हाच हंगाम डेंग्यूचाही असतो. धाप लागणे, बडबड किंवा गुंगी, लघवी कमी होणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले तर गावातल्या सलाइनवर दिवस घालवू नका. अमरावतीचे इर्विन असो, अकोल्याचे सर्वोपचार असो किंवा जवळचे खासगी रुग्णालय, त्याच दिवशी गाठा. तिथे केसपेपर लिहिताना ट्रेकची जागा आणि तारीख सांगा, आणि बरोबर गेलेल्यांपैकी आणखी कोणाला ताप आहे का तेही विचारून ठेवा.